मालवण, देवगड, वेंगुर्ले: सुट्टीला येणारे पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. येण्याआधी फोनवर, आल्यावर जेवणाच्या पाटावर आणि गेल्यावर त्यांच्या मित्रांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिंधुदुर्ग म्हणजे किल्ला की जिल्हा? आम्ही नेमकं उतरायचं कुठे?

दोन्ही. किल्ला मालवणच्या समुद्रात आहे. त्याच्या नावाचा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. किनारा लाभलेले तालुके तीन: उत्तरेला देवगड, मध्ये मालवण, दक्षिणेला वेंगुर्ले. घोटाळा होतो तो रेल्वेमुळे. कोकण रेल्वेवर 'सिंधुदुर्ग' नावाचं स्थानक आहे, पण ते ओरोसजवळ, समुद्रापासून बरंच आत. तिथे उतरून किल्ल्याची वाट विचारणारे पाहुणे आम्हाला दरवर्षी भेटतात. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, देवगडसाठी कणकवली, वेंगुर्ले-शिरोड्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड हे लक्षात ठेवा.

२. किती दिवस पुरतात?

सगळा किनारा पाहायचा तर आठवडाही कमी पडतो. चार रात्री मिळाल्या तर छान, तीन असल्या तरी चालेल. दोनच रात्री असतील तर मालवण आणि आजूबाजूचा पंधरा-वीस किलोमीटरचा टापू एवढंच ठरवा. विजयदुर्ग आणि तेरेखोल ही या किनाऱ्याची दोन टोकं आहेत. दोन्ही एकाच सहलीत कोंबली तर अर्धी सुट्टी गाडीत जाते. एक कुटुंब चौदा ठिकाणांची यादी घेऊन आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी म्हणाली, "आज गाडीत नको, खळ्यात (अंगणात) बसूया." त्या दिवशी ती आमच्या मांजरीशी खेळली, ओहोटीला खाडीत तिसऱ्या (खायचे शिंपले) शोधायला शिकली, आणि जाताना तिला आठवत होतं ते तेवढंच.

३. मुक्काम कुठे करावा?

दोन मुक्काम करता आले तर उत्तम. पहिला मालवण, तारकर्ली, देवबाग किंवा आचरे यांपैकी एका गावात. दुसरा वेंगुर्ले-शिरोडा बाजूला किंवा देवगड-कुणकेश्वर बाजूला. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला संथ खाडी, आणि मध्ये माडांच्या सावलीत एकच अरुंद रस्ता. सुट्टीच्या गर्दीत तो रस्ता तुंबतो, म्हणून डिसेंबरअखेरीस शांतता हवी असेल तर आचरे, तोंडवळी, निवती, भोगवे किंवा मिठबाव बघा. घरगुती निवास-न्याहारीची सोय बहुतेक गावांत आहे. खोली ठरवताना एसीबरोबरच जेवण घरात शिजतं का, हेही विचारा. त्यावर तुमच्या सुट्टीची चव ठरणार आहे.

४. मुंबई-पुण्याहून यायला सोपं काय?

मुंबईहून रेल्वे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या तारखांना पहिल्याच सकाळी संपतं. कुडाळहून मालवण पाऊण ते एक तास. एसटी आहे, रिक्षा मिळते. पुण्या-कोल्हापूरकडून येणारे गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने, नाहीतर फोंडा किंवा आंबोलीने उतरतात. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का, याची खात्री करून घ्या. विमानाने यायचं तर परुळ्याजवळचा चिपी विमानतळ सर्वांत जवळचा, पण तिथली सेवा कमीजास्त होत असते. वेंगुर्ले-शिरोड्यासाठी गोव्याचं मोपा सोयीचं पडतं.

५. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते, समुद्र शांत, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. मार्चपासून उकाडा वाढतो, पण आंबा, काजू, कोकम, फणस यांचा हंगामही तेव्हाच (हापूसबद्दल प्रश्न १९). मे महिन्यात गर्दी सर्वांत जास्त असते आणि दुपारी घराबाहेर पडवत नाही. मला विचाराल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा: भातकापणी झालेली असते, जत्रा सुरू झालेल्या असतात आणि शाळांना सुट्टी नसल्याने किनारे मोकळे असतात.

६. पावसाळ्यात आलो तर काही बघायला मिळतं का?

समुद्रातलं काही नाही. साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्यात जाता येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आहे, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरू नका. पण विजयदुर्ग रस्त्याने गाठता येतो, धामापूरचं तळं काठोकाठ भरलेलं असतं, सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) रानफुलं येतात आणि आंबोलीचा धबधबा वाहतो. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण करतात आणि नारळ लढवण्याचे सामने रंगतात. त्या एका दिवसासाठी भर पावसात यावं, असं मला मनापासून वाटतं.

७. सिंधुदुर्ग किल्ल्यात काय बघायचं? होडीवाला तासाभरात परत चला म्हणतो.

तो तास खरंच अपुरा आहे. होडीत बसण्याआधीच जास्त वेळ थांबून दुसऱ्या फेरीने परतता येईल का, हे विचारून घ्या. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी बांधकाम सुरू केलं. आवार ४८ एकरांचं, तट सुमारे तीन किलोमीटर वळणं घेत जाणारा. पायाचे चिरे बसवताना शिसं ओतलं होतं. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. होडीतून नजर तिकडेच ठेवा.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं, शिवाजी महाराजांची दाढी नसलेली मूर्ती असलेलं. जवळच चुन्यात उमटलेले, शिवाजी महाराजांचे मानले जाणारे हाता-पायाचे ठसे घुमटीत जपले आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणात डोकावताना आपण कुणाच्या तरी घरात आलो आहोत, याचं भान ठेवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

किनाऱ्यावर परतल्यावर मोरयाचा धोंडा चुकवू नका. किल्ल्याच्या बांधकामाआधी पूजा झाली ती इथे. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. दहा माणसांतले नऊ जण तो न बघताच जातात.

८. भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. माझ्या मते तो सर्वांनी विचारावा, कारण इथला दिवस घड्याळापेक्षा पाण्यावर चालतो. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याच्या आधी-नंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. होडी, खडक, पुळणीवरची (वाळूच्या किनाऱ्यावरची) लांब चाल असा बेत असेल तर भरतीचं छापील कोष्टक बघा किंवा गावातल्या मच्छीमाराला विचारा.

९. आई-वडील सत्तरीचे आहेत. किल्ला जमेल का?

होडीतला प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. अडचण चढण्या-उतरण्याची आहे. धक्का ओला असतो, होडी हलत असते. गुडघे दुखत असतील तर भरतीच्या सुमाराची वेळ निवडा (प्रश्न ८), होडी धक्क्याच्या बरोबरीने येते. आत चालायला लागतं आणि सावली कमी, म्हणून सकाळी लवकर जा. जमणार नसेल तर त्यांना धामापूर, वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर किंवा कुणकेश्वर दाखवा. तिन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते.

१०. विजयदुर्ग एवढा लांब आहे, जावं का?

किल्ल्यांची आवड असेल तर जावंच. मालवणहून आचरे, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड असा किनाऱ्याचा रस्ता घ्या. एका बाजूला दोन ते अडीच तास लागतात, पण रस्ता स्वतःच बघण्यासारखा आहे. किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, सुमारे आठशे वर्षांचा. १६५३ मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं बळकट ठाणं झाला. तिहेरी तट, तीन बाजूंना पाणी. आत शिरताना होडी लागत नाही, हा मोठा फायदा.

येता-जाता गिर्ये गावात थांबा. तिथलं रामेश्वर मंदिर कातळ फोडून केलेल्या वाटेने उतरत गाठायचं आहे. जवळच वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी आहे: भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी ओसरलं की दुरुस्ती करायची. ओहोटीच्या वेळी ती गोदी नीट दिसते. गाईड सहसा तिकडे नेत नाहीत, आवर्जून सांगावं लागतं.

११. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवताना हे सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. माझा जीव या किल्ल्यावर आहे, म्हणूनच खरं ते सांगते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन. तोपर्यंत, १८९५ मध्ये, हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. त्या माणसाने इथे दुर्बिणी लावून सूर्य पाहिला, एवढी खरी गोष्टसुद्धा मुलांना सांगायला पुष्कळ आहे.

१२. पोहता येत नाही. स्कूबा करावं का?

करता येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला उथळ पाण्यात प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो. काही गोष्टी मात्र पाहा. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, होडीत प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आहे का, होडी किती माणसांची आणि भरली किती. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटून पर्यटक दगावले. त्यामुळे गर्दीची होडी दिसली तर पैसे भरले असले तरी बसू नका. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण, जोराची सर्दी यांपैकी काही असेल तर जाऊ नका. पाण्याखालून आल्यावर किमान १८ तास विमानप्रवास नको, म्हणून स्कूबा शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

हा भाग मालवण सागरी अभयारण्याचा आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. फोटोत मासे जवळ दिसावेत म्हणून कुणी पाव टाकायला लागला तर नको म्हणा. सरकारी प्रशिक्षणकेंद्र तारकर्लीला आहे. नीट शिकायचं असेल तर तिथे चौकशी करा.

१३. पोहण्यासाठी सुरक्षित किनारा कोणता?

त्यातल्या त्यात मालवणचा चिवला, कारण समोरच्या खडकांमुळे लाटा मऊ होऊन येतात. तारकर्लीला कमरेपर्यंतच्या पाण्यात ठीक. देवबागच्या संगमावर कधीही उतरू नका, मग पाणी कितीही शांत दिसो. नदी आणि समुद्राची ओढ तिथे एकमेकांत गुंतलेली असते आणि पायाखालची वाळू दर हंगामात हलते. लाटांच्या रांगेत मध्येच एक सपाट, गढूळ पट्टा दिसला तर तिथून पाणी आत ओढलं जातंय असं समजा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग परता. अंधार पडल्यावर आणि दारू प्यायल्यावर पाण्यात जायचं नाही, यावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

१४. डॉल्फिन नक्की दिसतात का? आणि ते त्सुनामी आयलंड?

नक्की काहीच नसतं. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना निवती-भोगवे बाजूला दिसण्याची शक्यता चांगली. होडीवाल्याला आधीच सांगा की पाठलाग करायचा नाही, इंजिन बंद करून थांबायचं. असं थांबलं की ते स्वतः जवळ येतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्सुनामी आयलंड म्हणजे देवबागच्या खाडीतला वाळूचा दांडा. भरतीला तो जवळजवळ बुडतो. तिथे जलक्रीडा आणि गोंगाट असतो. लहान मुलं खूश होतात, शांतता शोधणाऱ्यांनी टाळावं. त्यापेक्षा त्याच होडीने पलीकडे भोगव्याला उतरा. होडीने काही मिनिटं, रस्त्याने खाडीला वळसा घालून तासभर.

१५. कासवाची पिल्लं कधी आणि कुठे बघायला मिळतात?

वेंगुर्ल्याजवळ वायंगणी आणि देवगडात तांबळडेग ही ओळखीची गावं. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालतात, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा. गावकरी आणि वनखातं अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. कोणत्या दिवशी निघतील हे कुणीच सांगू शकत नाही. दोन दिवस हाती ठेवून या. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, पुढ्यात उभं राहायचं नाही. पिल्लू पुळणीवरून स्वतः चालत जायला हवं.

वेंगुर्ल्याला गेलात तर मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या महिला वल्हवत्या होडीतून खारफुटी दाखवतात, तेही बघा. इंजिन नसल्याने खंड्या आणि बगळे उडून जात नाहीत. कोणत्या झाडाची मुळं श्वास घेण्यासाठी वर येतात, हे त्या बोट दाखवून समजावतात.

१६. समुद्र बघून झाला. आत गावांत काय आहे?

इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक पाहुणे किनाऱ्यापासून आत वळतच नाहीत.

कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. जांभ्या दगडात खोदलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या, नुसत्या रेषांच्या आकृत्या. कोकणातल्या ज्या मोजक्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, त्यांत सिंधुदुर्गातलं हे एक. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात आणि कातळही तापलेला नसतो. आकृत्यांवर पाय ठेवू नका. फोटोसाठी खडू भरणं किंवा पाणी ओतणं तर नकोच. गावातला माणूस सोबत घेतला तर जागा सापडते आणि त्याला चार पैसेही मिळतात.

धामापूरचं तळं १५३० साली बांधलेलं. काठावर भगवतीचं मंदिर, मागे गर्द डोंगर. जुन्या सिंचन-वास्तूंच्या जागतिक यादीत २०२० मध्ये त्याचं नाव आलं. आजही त्या पाण्यावर शेती भिजते.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं त्यांच्या कुटुंबाचं संग्रहालय बघायला मुलांना जरूर न्या. सावंतवाडीत चितारआळीची लाकडी फळं-खेळणी आणि राजवाड्यात रंगवले जाणारे गोल गंजिफा (खेळायचे पत्ते) बघा. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. विष्णूच्या दहा अवतारांचे बारा-बारा.

१७. दशावतार कुठे बघता येईल? शो किती वाजता असतो?

शो नसतो, जत्रा असते. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर नाटक उभं राहतं, बहुधा रात्री अकरा-बारानंतर. पहाटे दहीकाला होऊन ते संपतं. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. हार्मोनियम, मृदंग (आमच्याकडे पखवाज म्हणतात) आणि झांज एवढंच संगीत. तिकीट नाही. चटई आणि शाल घेऊन जा, खाजं विकत घ्या, आणि मुलं झोपली तर झोपू द्या. आज कुठल्या गावात जत्रा आहे हे यजमानांना विचारा.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र वेगळी. तिची तारीख पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि लाखोंची गर्दी होते. त्या दोन दिवसांत मालवण-मसुरे-कणकवली रस्त्यांवर नुसतं फिरायला निघू नका. देवीला जायचं असेल तर तारीख जाहीर होताच खोली ठरवा.

१८. मासे खाणारे आणि शाकाहारी दोघंही आहोत. जेवणाचं कसं?

अडचण नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावन, नारळाच्या रसातले शिरवाळे, फणसाची भाजी, सोलकढी यांवर आम्ही आठवडा काढतो. पुष्कळ घरांत सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणभर मासे शिजत नाहीत, म्हणून वार बघून आधी विचारा. वडे-सागोती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा, वड्याचं पीठ भिजवायला वेळ लागतो. मोठाच मासा मागू नका. हंगामातला बांगडा, तारली, तिसऱ्या ताज्या असल्या की बर्फातल्या सुरमईपेक्षा कितीतरी चांगल्या.

मासा येतो कसा हे बघायचं असेल तर सकाळी पुळणीवर रापण शोधा. होडीने जाळं अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसं ओढतात. दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही, उलट जागा करून देतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. पण रापण दरवेळी भरून येत नाही. रिकाम्या जाळ्याजवळ उभं राहून फोटो काढायची घाई करू नका.

१९. देवगड हापूस खरा कसा ओळखायचा?

बागेत जाऊन घ्या, हा खात्रीचा मार्ग. हंगाम मार्च ते मे, भर एप्रिलच्या मध्यापासून. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नोंदणी केलेल्या बागायतदाराची पेटी मागता येते. पिकलेल्या फळाचा वास पेटी उघडण्याआधीच यायला हवा. साल पातळ, गर केशरी. महामार्गावरच्या प्रत्येक 'देवगड' पाटीवर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ मागा. ती शहरात मिळणं कठीण.

२०. तेरेखोल किल्ला महाराष्ट्रात आहे ना? नदीच्या अलीकडेच तर दिसतो.

दिसतो अलीकडे, पण आहे गोव्याचा. नदीच्या उत्तर काठावरचा तो छोटा तुकडा पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे गोव्यातच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला होता. रेडीहून रस्त्याने सरळ पोचता येतं. पलीकडे केरीला जायला फेरीबोट आहे. येताना गाडीत गोव्याची दारू आणू नका, परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि हद्दीवर तपासणी होते.

त्याच वाटेवर शिरोड्याची मिठागरं लागतात. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. पुढे रेडीचा द्विभुज गणपती, १९७६ मध्ये खाणीच्या जागेत सापडलेला, आणि झाडांच्या मुळांनी वेढलेला यशवंतगड. वेंगुर्ल्यातली डच वखार पडझडीत आहे, बाहेरून बघण्यापुरती.

२१. गाडी पुळणीवर नेली तर चालते का?

नाही. वर घट्ट दिसणारी वाळू खाली भुसभुशीत असते. भरती चढत असताना रुतलेली गाडी काढायला सगळी वाडी धावते आणि तरीही कधी कधी इंजिनात खारं पाणी जातंच. शिवाय कासवांची घरटी त्याच वाळूत असतात (प्रश्न १५).

२२. गणपतीत सुट्टी आहे. तेव्हा येऊ का?

कुणाच्या घरी बोलावणं असेल तर जरूर या, याहून सुंदर दिवस नाहीत. नुसते पर्यटक म्हणून येणार असाल तर विचार करा. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, रेल्वे भरलेली असते आणि आमच्यासारख्यांच्या खोल्यांत आमचेच पाहुणे झोपलेले असतात. भजनं रात्रभर चालतात. हॉटेल मिळालं तरी गावात कुणाच्याही दारात गणपती बघायला गेलात तर प्रसाद मिळाल्याशिवाय परत पाठवणार नाहीत.

२३. आचऱ्यात खोली ठरवली होती. आता यजमान म्हणतात, गावपळण आहे, गाव बंद. हे काय?

ते खरं सांगताहेत. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण ठरते. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव गुरं, कोंबडी, कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहुट्यांत राहतो. घरं, दुकानं, शाळा बंद. जवळच्या चिंदर-वायंगणीसारख्या गावांतही ही रीत आहे (ही वायंगणी प्रश्न १५ मधली नव्हे). पैसे परत मागा किंवा तारीख बदलून घ्या, यजमान नाही म्हणणार नाहीत. गावात शिरून रिकाम्या घरांचे व्हिडिओ काढायला मात्र जाऊ नका. पाहायचंच असेल तर संध्याकाळी वेशीबाहेरच्या राहुट्यांकडे जा. माडाच्या झावळ्यांच्या त्या खोपींत चुली पेटलेल्या असतात, भजन चाललेलं असतं, आणि एरवी शेजारच्या घरी जायलाही सवड न मिळणारी माणसं पत्ते खेळत बसलेली असतात. तुम्हालाही चहा विचारतील. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो, आणि देवाने हो म्हटलं की आधी गुरं घराच्या वाटेला लागतात.